पूर्वजाचे दुसरे दप्तर

वंशावळीचा माग काढता काढता अठराव्या शतकातला एखादा मेयर आपल्या घराण्यातला निघाला, तर इंग्लंडातले कुठलेही घर हरखून जाते. हरखण्याला कारणही आहे. त्या काळातल्या शेतमजुराचा, विणकराचा, खलाशाचा माग बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तीन नोंदींवर संपतो. मधली तीस-चाळीस वर्षे कोरी राहतात. मेयर मात्र कागदात राहिलेला माणूस. सभेला तो हजर होता की नाही, कोणत्या ठरावाखाली त्याची सही आहे, कोणाला त्याने दंड केला, कोणत्या संस्थेला किती देणगी दिली, मृत्युपत्रात कोणाच्या नावे काय ठेवले, हे सगळे लिहिले गेले आणि बरेचसे टिकलेही. म्हणून त्याचे चरित्र लिहिणे सोपे वाटते, आणि म्हणूनच ते बहुतेक वेळा अर्धे लिहिले जाते. राहिलेल्या अर्ध्याविषयी स्पष्ट बोलण्याची गरज आहे.

उदाहरण लिव्हरपूलचे घेऊ. १७०० साली ही जेमतेम पाच हजार वस्तीची जागा होती. १८०१ च्या जनगणनेत हीच वस्ती पाऊण लाखाच्या पुढे गेलेली दिसते. १६९५ च्या सनदेने कारभार ४१ जणांच्या कौन्सिलकडे गेला. एखादी जागा रिकामी झाली की उरलेले सभासदच नवा माणूस निवडीत. दरवर्षी १८ ऑक्टोबरला, संत ल्यूकच्या दिवशी, मेयरची निवड होई. हे पद शोभेचे नव्हते. मेयर न्यायदानाला बसे, नगराच्या पैशावर त्याची नजर असे, आणि गोदी बांधण्याचा कायदा झाल्यावर तिचा कारभारही कौन्सिलकडेच आला. बंदराचे नियम करणारे आणि त्या बंदरातून जहाजे सोडणारे लोक एकच होते, हे ध्यानात ठेवल्याशिवाय लिव्हरपूलच्या कुठल्याही मेयरचा शोध सुरू करू नये.

ब्रायन ब्लंडेल हा असाच एक जहाजवाला. लहान वयात समुद्रावर गेला, कप्तान झाला, मग जहाजांचा मालक आणि व्यापारी झाला. १७२१ आणि १७२८ अशा दोन वेळा तो मेयर होता. १७५६ साली वारला. त्याच्या वंशजाने शोध घ्यायचा ठरवला तर आरंभी दोन पेच लागतात, आणि ते सोडवण्यात खरोखर आनंद आहे.

पहिला पेच आडनावाचा. लँकेशरात ब्लंडेलांची घराणी एकाहून अधिक. लिव्हरपूलच्या उत्तरेला लिटल क्रॉस्बीचे ब्लंडेल, त्यांच्याजवळच इन्सचे ब्लंडेल. दोन्ही कॅथलिक जमीनदार. क्रॉस्बीच्या निकोलस ब्लंडेलने १७०२ ते १७२८ या काळात रोजनिशी लिहिली, ती प्रसिद्ध आहे आणि तिच्यात लिव्हरपूलची ये-जा भरपूर आहे. म्हणजे तेच आडनाव, तीच वर्षे, तेच बंदर. नवखा शोधक इथे हमखास दोन घराण्यांची गाठ मारून मोकळा होतो. पण मेयरपद हाच इथे निर्णायक पुरावा ठरतो. १६६१ च्या कॉर्पोरेशन कायद्याने नगराच्या अधिकारपदावर येणाऱ्याने त्याआधीच्या वर्षभरात अँग्लिकन चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलेले असणे सक्तीचे केले होते, आणि हा कायदा १८२८ पर्यंत पुस्तकात होता. कॅथलिक धर्म उघडपणे पाळणाऱ्या जमीनदाराला ती खुर्ची मिळणे शक्य नव्हते. आपला मेयर त्या कॅथलिक जमीनदारांपैकी कोणी नाही, हे केवळ पदावरून सांगता येते.

दुसरा पेच तारखेचा. १७५१ पर्यंत इंग्लंडात कायद्याचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे वहीत फेब्रुवारी १७२१ लिहिलेले दिसले तर आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७२२ असतो. त्यात मेयरची मुदत ऑक्टोबर ते ऑक्टोबर. १७२१ चा मेयर म्हणजे १७२२ च्या वसंतात न्यायासनावर बसलेला माणूस. पुढे १७५२ साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला, तो घोळ वेगळाच. शिवाय १७३३ पर्यंत न्यायालयाची कागदपत्रे लॅटिनमध्ये. हे सगळे पार करून चर्चच्या नोंदवह्या, नगराची ठराववही, सनदी नागरिकांची यादी, उमेदवारीच्या करारांवरील मुद्रांक शुल्काची १७१० पासूनची पुस्तके आणि मृत्युपत्रे एकमेकांना जोडली, की माणूस उभा राहतो. इतक्या चिकाटीने काम करणाऱ्यांविषयी आम्हांला आदर वाटतो.

आणि उभा राहणारा हा ब्लंडेल चांगला माणूस दिसतो. १७०८ साली संत पीटर चर्चचा रेक्टर रॉबर्ट स्टाइथ याच्या जोडीने त्याने गरीब मुलांसाठी धर्मादाय शाळा काढली. पन्नास मुले, दिवसाची शाळा. स्टाइथ वारल्यावर १७१४ मध्ये ब्लंडेल खजिनदार झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, खजिनदारच राहिला. शाळा सुटल्यावर ही मुले दारोदार भीक मागत फिरतात, हे पाहून त्याला स्वस्थ बसवेना. नुसते शिकवून भागत नाही, त्यांना राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण दिले पाहिजे, हे त्याने ओळखले. इमारतीचे काम हाती घेतले आणि पहिले ७५० पौंड स्वतःच्या पदरचे दिले. देवाने आपल्याला जे दिले त्याचा हा दहावा हिस्सा, असे त्याने लिहून ठेवले आहे, आणि पुढेही जे मिळेल त्याचा दहावा हिस्सा शाळेला देण्याचा संकल्प केला. मुलांची संख्या पुढे शंभरावर गेली. स्कूल लेनवरची ती ब्लूकोट शाळेची इमारत १७२५ च्या सुमारास पुरी झाली. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात तिची मोठी हानी झाली, तरी ती पुन्हा उभी राहिली. लिव्हरपूलच्या मध्यवस्तीत तिच्याइतकी जुनी दुसरी इमारत उरलेली नाही. तिथे आता कलाकेंद्र आहे. शाळा १९०६ पासून वेव्हरट्रीत भरते.

बहुतेक शोध इथेच थांबतात. मेयर, धर्मशील, अनाथांचा कनवाळू. वंशावळीच्या झाडाखाली छापायला याहून सुंदर काय हवे?

पण तो दहावा हिस्सा कशाचा होता, हे विचारल्याशिवाय पूर्वजाची ओळख पुरी होत नाही. ब्लंडेलच्या आणि त्याच्या मुलांच्या व्यापारात तंबाखू होता, अमेरिकेच्या वसाहतींत नेले जाणारे करारबद्ध नोकर होते आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकत घेतलेली माणसे होती. १७१५ साली लिव्हरपूलची नवी बंदिस्त गोदी खुली झाली. भरती-ओहोटीची पर्वा न करता जहाजांना मालाची चढ-उतार करता यावी म्हणून बांधलेली, व्यापारासाठीची जगातली ही पहिली गोदी. तिच्यात शिरणाऱ्या पहिल्या जहाजांत 'मलबेरी' होते, याची नोंद ब्लंडेलच्या वहीत आहे. गोदी बांधणारा टॉमस स्टीअर्स स्वतः १७३९ साली मेयर झाला. लिव्हरपूलहून गुलामांच्या व्यापारासाठी सुटलेले पहिले ज्ञात जहाज 'लिव्हरपूल मर्चंट'. ते ऑक्टोबर १६९९ मध्ये निघाले आणि पुढच्या वर्षी त्याने २२० आफ्रिकनांना बार्बाडोसला उतरवले. शंभर वर्षांत या बंदराच्या जहाजांनी सुमारे पंधरा लाख माणसे अटलांटिकपार नेली. १७०० ते १८२० या काळातले किमान २५ मेयर या धंद्यात बुडालेले होते, असे त्या नगराचा इतिहास लिहिणारे सांगतात.

ब्लंडेलने मुलांना जेवू घातले हे खरे, आणि त्याच्या व्यापारात मुलेही विकली गेली हेही खरे. आफ्रिकेतून नेलेल्यांत लहान मुलांचे प्रमाण थोडेथोडके नव्हते. एक सत्य दुसऱ्याने पुसत नाही. चरित्र लिहिणाऱ्याने दोन्ही एका पानावर लिहावीत, एवढीच अपेक्षा आहे. एक ठळक अक्षरात आणि दुसरे तळटीपेत, असे नको.

आता त्याच नगरातली आणखी एक नोंद पाहा. ब्लूकोटच्या दर्शनी भागावर लॅटिन लेख आहे: ख्रिस्ती दयाधर्माच्या वाढीसाठी आणि गरीब बालकांच्या शिक्षणासाठी ही वास्तू अर्पण, असा त्याचा आशय, आणि साल १७१७. नदीकाठच्या संत निकोलस चर्चच्या दफनवहीत त्याच १७१७ च्या १ ऑक्टोबरला एका माणसाचे नाव आहे: अबेल. पुढे एवढेच, की तो कृष्णवर्णी होता आणि श्री. रॉक यांच्या मालकीचा होता. लिव्हरपूलमध्ये राहिलेल्या कृष्णवर्णी माणसाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद ती हीच. आडनाव नाही, वय नाही, आईबाप नाहीत, गाव नाही. हे नावही त्याला आईने ठेवलेले नसणार. एका ओळीचा हा माणूस, आणि त्या ओळीतही अर्धी जागा मालकाने घेतलेली.

वंशावळीचा छंद असणाऱ्याला ही ओळ काय सांगते ते इतरांपेक्षा चटकन कळायला हवे. मेयरच्या वंशजाला दोनशे-तीनशे वर्षे मागे जाता येते, कारण मेयर ज्या कारभाराचा भाग होता तो कारभारच कागद तयार करीत होता. त्याच्या जहाजांतून नेलेल्या माणसांच्या वंशजाला ते करता येत नाही, आणि तेही त्याच कारभारामुळे. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. त्यांत मालकाचे नाव आहे आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामांची नावे बहुतेक ठिकाणी नाहीतच. १८७० च्या जनगणनेत ही माणसे पहिल्यांदा नावानिशी आली. म्हणून आज आफ्रिकी-अमेरिकी घराण्यांचा शोध १८७० वर येऊन अडतो. त्यामागे जायचे तर एकच वाट उरते: मालकाचे मृत्युपत्र, मालकाची हिशेबवही, मालकाचा दावा. ब्रिटिश कॅरिबियन बेटांवर १८१७ च्या सुमारास गुलामांची नोंदणी सुरू झाली, तिच्यात नावे आहेत, पण ती मालकाने सांगितलेली आणि बहुधा एकेरी. आफ्रिकेतली स्वतःची नावे मोठ्या संख्येने नोंदली गेली ती ब्रिटनने १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर घातलेल्या बंदीनंतर पकडलेल्या जहाजांवरून सुटलेल्यांची: ९१,४९१ जणांची. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत कोंबलेल्यांचा अंदाज सव्वा कोट आहे, हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. माणूस सुटला तेव्हा त्याला नाव विचारले. नेला तेव्हा नुसता मोजला.

यावर एक उत्तर नेहमी येते: तेव्हा सगळेच हे करीत होते, आजच्या मापाने त्यांना मोजू नका. हे उत्तर सद्भावनेने दिले जाते, पण इतिहासाला धरून नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लंडनमधल्या वार्षिक सभेने १७२७ साली गुलामांच्या आयातीचा निषेध केला. ब्लंडेलची पहिली मुदत १७२१ ची आणि दुसरी १७२८ ची. म्हणजे दोन मुदतींच्या मधल्या काळात त्याच देशात, त्याच भाषेत हा आक्षेप उघड नोंदला गेला होता. ब्लंडेल ज्या वर्षी वारला त्याच १७५६ साली लिव्हरपूलमध्ये एडवर्ड रश्टन जन्माला आला. तो खलाशी झाला, गुलामांच्या जहाजावर तळाशी कोंबलेल्या आजारी माणसांना अन्नपाणी देताना त्याच्याही डोळ्यांना संसर्ग झाला आणि दृष्टी गेली. गावी परतून त्याने या धंद्याविरुद्ध कविता लिहिल्या आणि १७९१ साली सुरू झालेल्या अंधशाळेच्या उभारणीत पुढाकार घेतला. धर्मादाय ब्लंडेलनेही केला आणि रश्टननेही. पण जहाजाच्या तळाशी काय चालते हे पाहून रश्टनने तोंड बंद ठेवले नाही. त्या काळाचे माप त्या काळातल्याच माणसांकडून घ्यायचे तर रश्टनचेही घ्यावे लागेल.

दुसऱ्या टोकालाही आमचा पाठिंबा नाही. असा पूर्वज निघाला की काही जण लाजेने वंशावळच मिटवून ठेवतात, कागद कपाटात परत ढकलतात, पुन्हा विषय काढत नाहीत. पूर्वजाच्या कर्माचा दोष वंशजाला लागतो असे आम्ही मानीत नाही. लिव्हरपूलच्या कौन्सिलने डिसेंबर १९९९ मध्ये नगराच्या वतीने माफी मागितली, ते योग्यच झाले. संस्था तीच आहे, तिची मालमत्ता त्या काळापासून चालत आलेली आहे. व्यक्तीची गोष्ट निराळी. मात्र कागद दडपणे हा वंशजाचा स्वतःचा, आजचा निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी पूर्वजावर टाकता येणार नाही.

कारण हे कागद एकट्या त्याच्या घराण्याचे नाहीत. त्या काळच्या व्यापाऱ्याची पत्रे, हुंड्या, जहाजाच्या खर्चाच्या याद्या, कप्तानाला दिलेल्या सूचना, विम्याचे कागद सरकारी दप्तरात फारसे गेले नाहीत. ते त्याच्या मेजात राहिले, मग मुलाच्या, मग नातवाच्या पेटीत गेले. त्यांतला एखादा कागद दुसऱ्या कोणाच्या कुळाचा एकमेव धागा असू शकतो: कोणत्या महिन्यात, कोणत्या नदीच्या मुखाशी, किती माणसे चढवली आणि कोणत्या बेटावर कोणाला विकली.

अशा पेट्या उघडल्या की काय हाती लागते, हे लिव्हरपूलनेच दाखवले आहे. जॉन अर्ल १७०९ साली तिथला मेयर होता. त्याचा मुलगा राल्फ १७६९ मध्ये आणि पुढच्या पिढीतला टॉमस १७८७ मध्ये मेयर झाला. या घराण्याचे कागद आता तिथल्या सागरी संग्रहालयात आहेत. त्यांत 'युनिटी' या जहाजाची १७६९ ते १७७१ ची दैनिक नोंदवही आहे, कप्तान रॉबर्ट नॉरिसच्या काळातली. वारा कुठून वाहतो, खोली किती, पाणी किती उरले, हे लिहिता लिहिता कप्तान १७७० च्या जूनमध्ये लिहून जातो की कैदेतल्या माणसांनी बंड केले, ते लगेच मोडून काढले आणि दोन बायका गेल्या. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत. त्याच्या वहीला ती लागत नव्हती. तरी त्या माणसांनी कैदेत असतानाही हात उगारला, हे आज ठाऊक आहे ते या एका वहीमुळे. नगराच्या ठराववहीत अर्ल घराण्याच्या सह्या कितीही सापडल्या तरी ही ओळ तिथे कधीच सापडली नसती. विल्यम डेव्हनपोर्ट या व्यापाऱ्याचे हिशेब याच संग्रहालयात आणि कील विद्यापीठात आहेत, आणि एकेका फेरीचा नफा-तोटा, भागीदारांची नावे, मणी आणि कापडाच्या बदल्यात झालेले सौदे त्यांवरूनच अभ्यासकांना मांडता आले.

फॉस्टर कन्लिफच्या बाबतीत नेमके उलटे झाले. १७१६, १७२९ आणि १७३५ असे तीनदा मेयर, लिव्हरपूलच्या सर्वांत मोठ्या गुलाम-व्यापाऱ्यांपैकी एक. १७५८ साली तो वारल्यावर संत पीटर चर्चमध्ये त्याची स्मारकशिळा बसली. तिच्यावर भक्ती, सचोटी, दीनदुबळ्यांविषयी कळवळा, सगळे गुण कोरलेले. जहाजांचा उल्लेख नाही. ते चर्चही १९२२ मध्ये पाडले गेले. पण शिळेवरचा मजकूर चरित्रकोशांत आणि कुळकथांत उतरत राहिला, कारण तो सुबक होता आणि आयता होता.

तेव्हा लिव्हरपूल असो, ब्रिस्टल असो की लँकेस्टर, अठराव्या शतकातला बंदराचा मेयर ज्याच्या वंशावळीत आला आहे त्याने चर्चची वही आणि नगराची वही पाहून झाल्यावर तिसरे काम करावे. गुलामांच्या सागरी फेऱ्यांची मोठी सूची आता सर्वांना खुली आहे. छत्तीस हजारांहून अधिक फेऱ्या तिच्यात आहेत, आणि जहाजाच्या, कप्तानाच्या, मालकाच्या नावाने तिच्यात शोधता येते. पूर्वजाचे नाव तिथे घालून पाहावे. नाव निघाले तर ते वर्ष, ते जहाज, चढवलेली आणि उतरवलेली माणसे, मधला फरक, हे सगळे मेयरपदाच्या वर्षांच्या शेजारी लिहावे. घरात जुनी पत्रे किंवा हिशेब असतील तर ते जवळच्या सार्वजनिक अभिलेखागारात मूळ स्वरूपात द्यावेत, निवडून नव्हे. आणि त्यांत एखादी अशी फेरी सापडली जी सूचीत नाही, तर ती कळवण्याची सोय त्या सूचीत आहे. तपासून ती जोडली जाते.